शाळेचे सर्क्युलर

फेब्रुवारीच्या सुमारास मुलांच्या दप्तरातून एक कागद घरी येतो. परिपत्रक हा शब्द शाळेच्या सूचनाफलकावर आहे. बोलताना आम्ही सगळे त्याला सर्क्युलरच म्हणतो. आमची दोन्ही मुले भाईंदरच्या बाजूच्या एका कॅथलिक हायस्कूलची. थोरली २०२५ साली दहावी होऊन बाहेर पडली, धाकटा अजून तिथेच आहे. कोरोनाच्या काळापासून सर्क्युलर मोबाईलवरही येते, पण मुख्याध्यापिका सिस्टरांचा कागदावरचा विश्वास काही कमी झालेला नाही. तळाची पट्टी कापून, पालकांनी सही करून दुसऱ्या दिवशी परत पाठवायची, हा नियम कायम आहे.

मिरा रोडच्या इमारतींमध्येही कोकीळ ऐकू येते, पण वसंत आला हे आम्हांला या कागदावरून कळते. निरोप समारंभ, पालक-शिक्षक संघाची शेवटची सभा, फन-फेअर, वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक, उपवासकाळातली मदतपेटी, गुड फ्रायडेची सुट्टी, निकालाचा दिवस, पुढच्या वर्षीच्या वह्या-पुस्तकांची विक्री, आणि सर्वांत शेवटी ठळक अक्षरांत थकलेली फी. सगळे इंग्रजीत. आमच्या घरात त्याचे जाहीर वाचन मराठीत होते, कारण दादीला ते ऐकायचे असते. दादी महाड तालुक्यातल्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. तिला नातवंडांच्या शाळेतल्या प्रत्येक गोष्टीवर मत असते.

या कागदाशी आमचे पहिले भांडण झाले ते फन-फेअरवरून. फन-फेअरच्या आधी प्रत्येक मुलाकडे रॅफलच्या दहा तिकिटांचे एक पुस्तक येते. शेजारीपाजारी ती खपवायची, सोडतीत मिक्सर किंवा सायकल लागते. आता सोडत म्हणजे लॉटरी, आणि लॉटरी म्हणजे जुगार. आमच्या घरात ते चालत नाही. थोरली दुसरीत असताना या पुस्तकावरून दोन दिवस रडली. शेवटी आम्ही दहा तिकिटांचे पैसे देणगी म्हणून पाकिटात घातले आणि पुस्तक कोरेच परत पाठवले. वर्गशिक्षिकेला काही समजेना. पैसे भरले आणि तिकिटे घेतली नाहीत, असे कोणी करते का? त्यांनी आमच्या वतीने तिकिटांवर पोरीचे नाव लिहून टाकले, आणि व्हायचे तेच झाले, इस्त्री लागली. ती इस्त्री आम्ही पुन्हा शाळेलाच दिली. पुढच्या वर्षीपासून सर्क्युलरमध्ये एक ओळ वाढली: ज्यांना तिकिटे विकायची नसतील त्यांनी पुस्तक परत करावे, कारण लिहिण्याची आवश्यकता नाही.

‘कारण लिहिण्याची आवश्यकता नाही’ या शब्दांसाठी आम्ही त्या सिस्टरांचे अजून आभारी आहोत. मुलींना सलवार-कुडता घालायचा असेल तर त्या शाळेत सगळ्याच मुलींसाठी तो पर्याय आहे. कोणाला अर्ज करावा लागत नाही, की धर्म सांगावा लागत नाही. उलट फन-फेअरमध्ये हौजीचा पुकारा सुरू झाला की आमची अर्धी मंडळी घराकडे वळतात, आणि खाण्याच्या स्टॉलवर कोणते मटण कुठून आणले याची चौकशी करताना आजही जीभ अडखळते. सगळे सुरळीत आहे असे आम्हांला म्हणायचे नाही.

आपली मुले आपण तिथे का घालतो, हा प्रश्न आमच्याकडे लग्नाच्या मांडवातसुद्धा निघतो. बाहेरच्यांना वाटते की मुसलमानांची मुले मदरशात जातात. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्केच मदरशात जातात, हे सच्चर समितीने २००६ सालीच लिहून ठेवले आहे. बाकीची मुले म्युनिसिपालिटीच्या, जिल्हा परिषदेच्या, उर्दू माध्यमाच्या आणि मिळतील त्या खाजगी शाळांत. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक शाळांचा एक अहवाल काढला. धार्मिक अल्पसंख्याकांमध्ये ख्रिस्ती समाज ११.५४ टक्के, पण अशा शाळांपैकी ७१.९६ टक्के शाळा त्यांच्या. आपण ६९.१८ टक्के, आणि शाळा २२.७५ टक्के. शिवाय ख्रिस्ती शाळांतली ७४ टक्के मुले ख्रिस्ती नाहीतच. आयोगाने हे आकडे तक्रारीच्या सुरात मांडले होते. आम्हांला ते वाचताना आपल्याच समाजाचा हिशेब समोर आला. अंजुमन-ए-इस्लामसारखी संस्था मुंबईत १८७४ पासून उभी आहे, हे मोठेच काम. पण तशा किती? मशिदीच्या रंगकामाला वर्गणी आठ दिवसांत जमते, अभ्यासिकेला तीन वर्षे लागतात. हे आम्ही आमच्या जमातीच्या सभेत बोललो आहोत, त्यामुळे इथे लिहायला संकोच नाही.

आम्हां दोघांपैकी एकाचे शिक्षण रायगड जिल्ह्यात उर्दू शाळेत झाले आणि दुसऱ्याचे मध्य मुंबईत एका पाद्र्यांच्या शाळेत. १९९३ साली हा दुसरा आठवीत होता. डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगलींनंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्गातले काही बाक रिकामे होते. काही मुले गावी गेली ती परत आलीच नाहीत. त्या वर्षी राखेचा बुधवार २४ फेब्रुवारीला होता आणि रमजानही त्याच आठवड्यात लागला. मग १२ मार्च आला, रमजानमधलाच शुक्रवार, आणि बॉम्बस्फोटांनी शहर पुन्हा हादरले. त्या वसंतात शाळेने काढलेले सर्क्युलर आमच्या घरी अजून आहे, सायक्लोस्टाइलचे, शाई फिकी झालेली. त्यात परीक्षेच्या तारखा आहेत, दुसरे काही नाही. पण अब्बांनी ते जपून ठेवले. परीक्षा होणार, म्हणजे मुलगा सातवीतून आठवीत गेला तसा आठवीतून नववीत जाणार, एवढीच त्यांना त्या दिवसांत खात्री हवी होती. त्यानंतर वर्षभरात आमचे बिऱ्हाड मिरा रोडला आले, जसे त्या काळात कित्येकांचे मुंब्र्याला, मिरा रोडला, नालासोपाऱ्याला आले. जानेवारी २०२४ मध्ये मिरा रोडला दगडफेक झाली आणि नंतर नयानगरात दुकानांवर बुलडोझर चालले, तेव्हा आम्हांला अब्बांचा तो कागद आठवला. फेब्रुवारीचे सर्क्युलर त्या वर्षीही नेहमीच्या दिवशी आले. निरोप समारंभ, फन-फेअर, फी.

आता २०२५ च्या वसंताबद्दल. ईदचा चांद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत बत्तीस-तेहतीस वर्षांनी त्याच जागी येतो. ईस्टरची तारीखही चंद्रावरच ठरते: २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. म्हणून ती २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान हलत राहते आणि तिच्यामागे सबंध उपवासकाळ हलतो. हे दादीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे त्यांचं पण चांदावरच आहे.” १९९३ नंतर जवळजवळ एक फेरी पूर्ण होऊन दोन्ही उपवास पुन्हा शेजारी आले. २०२५ साली आपल्याकडे पहिला रोजा २ मार्चला झाला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. आणि दहावीची बोर्डाची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च. तिन्ही एकात एक.

त्याआधी निरोप समारंभ होता. सर्क्युलरमध्ये लिहिले होते: दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रार्थनासभा, त्यानंतर मेणबत्त्या लावण्याचा कार्यक्रम, पालकांनी उपस्थित राहावे. आमच्या इमारतीतल्या तीन मुली त्या वर्षी दहावीला होत्या. एका घरातून सांगण्यात आले की क्रूसाखाली दुआ कशी करायची, आम्ही येणार नाही. आम्ही गेलो. सभा चर्चमध्ये नव्हती, शाळेच्या हॉलमध्ये होती. क्रूस भिंतीवर होता, तो तर रोजच असतो. सिस्टरांनी आमच्या लेकीला आठ दिवस आधी बोलावून विचारले होते, “तुमची एक प्रार्थना म्हणशील का? अरबीत म्हण, आणि अर्थ मराठीत सांग. इंग्रजी नको, इथे बसलेल्या आजी-आजोबांना समजलं पाहिजे.”

या सिस्टर वसईच्या आहेत. वसईच्या ख्रिस्ती माणसाचे मराठी आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. उस्मानाबादला २०२० साली ज्यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच. आमचे मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापूरला सुरू झाले तेव्हा आमच्या लोकांना जो प्रश्न विचारला जाई, तुमची मातृभाषा मराठी कशी, तोच प्रश्न वसईच्या माणसालाही विचारला जातो. पालकसभेत सगळे हिंदी-इंग्रजीत बोलत असतात. दादी आणि सिस्टर कोपऱ्यात उभ्या राहून मराठीत सुकट महाग झाल्याचे बोलतात. दादीचे मराठी महाडकडचे, सिस्टरांचे वसईचे, आणि दोघींनाही वाटते की समोरची थोडे चुकीचे बोलते.

लेकीने फातिहा म्हटली. मराठी अर्थ तिने स्वतः लिहिला होता, दोन शब्दांवर आमचा आणि तिचा वादही झाला होता. नंतर शिक्षकांनी आपल्या मेणबत्तीने मुलांच्या मेणबत्त्या पेटवल्या. तीस-चाळीस आया डोळे पुसत होत्या, त्यात बुरखेवाल्या होत्या, कुंकूवाल्या होत्या आणि गळ्यात क्रूस असलेल्याही. ज्या घरातून कोणी आले नव्हते, त्या घरच्या मुलीची मेणबत्ती सिस्टरांनी स्वतः लावली. ती एकटीच आली होती, घरी न सांगता. हे आम्ही कोणाला सांगितले नाही.

५ मार्चला गणिताचा पहिला पेपर, बीजगणित. चौथा रोजा. आमच्या घरात आधी आठवडाभर यावर खल चालू होता. प्रवासात आणि आजारपणात रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहे, परीक्षा त्यात येते का? आईचे म्हणणे, पोरगी बाकावर चक्कर येऊन पडली तर काय? दादीचे म्हणणे, आमच्या वेळी भातलावणीत रोजे ठेवले. मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारले तर ते म्हणाले, “जिवाला त्रास होणार असेल तर दीन सक्ती करत नाही. पण होणार का, हे मुलीला विचारा.” या सगळ्यात मुलीला विचारायचे राहूनच गेले होते. तिचा हिशेब साधा होता. पेपर अकराला, सहेरी पहाटे पाचच्या सुमारास. सहेरीनंतर झोपायचे नाही, पाच तास सलग अभ्यास मिळतो. भूक लागायची ती दुपारी तीननंतर, तोपर्यंत पेपर देऊन घरी. तिने सगळे रोजे ठेवले.

तिची मैत्रीण उत्तनची, कोळी ख्रिस्ती. ती त्या दिवशी सकाळी मिस्सा करून, कपाळावर राखेचा क्रूस घेऊनच परीक्षा केंद्रावर आली. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला कडक उपवासाचा नियम त्यांच्यात अठरा वर्षांनंतर लागू होतो. चौदापासून फक्त मांस वर्ज्य. पण आमची न खाता जाते म्हटल्यावर हिनेही चहा-बिस्किटावर भागवले, आणि त्यावरून तिच्या आईने आमच्या आईला फोन करून ऐकवले, “तुमच्या पोरीनं माझ्या पोरीला बिघडवलं.” दोघी आया फोनवर हसत होत्या, पण पेपर सुटेपर्यंत दोघींच्याही पोटात गोळा होता. दोघींना बीजगणितात बरे गुण पडले. पुढे १३ मे रोजी निकाल लागला तेव्हा समजले.

उपवासकाळात शाळेतून प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याची एक छोटी पेटी मिळते. रोजच्या खाऊतले पैसे वाचवून तिच्यात टाकायचे, ईस्टरच्या आधी परत द्यायची; ते पैसे गरिबांना जातात. धाकट्याने विचारले, आपली जकात यात टाकली तर चालेल का? जकात अडीच टक्के, तिचे हकदार ठरलेले, ती वेगळी राहिली पाहिजे. पण सदका कोणालाही देता येतो, तो टाक. तर त्याने घरातल्या प्रत्येकाकडून सदका वसूल करायला सुरुवात केली, खोटे बोलल्याचा एक रुपया, चिडल्याचे दोन. रमजान संपेपर्यंत पेटी इतकी जड झाली की तळ फाटला. ईद ३१ मार्चला झाली, आदल्याच दिवशी गुढीपाडवा. सर्क्युलरमध्ये दोन्ही सुट्ट्या एका ओळीत होत्या.

त्या वर्षी राज्यभरात पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षा ८ ते २५ एप्रिल या काळात घ्यायचे सरकारने ठरवले होते. एरवी एप्रिलच्या मध्याला मुले मोकळी होतात. धाकटा सातवीत. गुड फ्रायडे १८ एप्रिलला, ईस्टर २० ला. त्याच्या आगेमागे पेपर. २१ एप्रिलला दुपारी बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, ईस्टरचे दर्शन देऊन दुसऱ्या दिवशी गेले. आपल्या सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. २०१३ साली, पोप झाल्यावर काही दिवसांतच, त्यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा मुलांचे पाय धुतले, त्यात एक मुसलमान मुलगी होती. आणि २०१९ साली अबुधाबीत अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब यांच्याबरोबर बंधुभावाच्या करारावर सही केली. हे आम्ही मुलाला सांगितले. दादीने कुठलेसे जुने वर्तमानपत्र काढून त्यांचा फोटो दाखवला. शाळेच्या ग्रुपवर संदेश आला: उद्या परिपाठात पोपमहाशयांसाठी प्रार्थना होईल.

उद्या म्हणजे २२ एप्रिल. त्या दिवशी दुपारी पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली. त्यात सहा जण महाराष्ट्राचे, आणि त्यातले तिघे आमच्याच ठाणे जिल्ह्यातल्या डोंबिवलीचे. पर्यटकांना वाचवू पाहणारा तिथला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाहही गेला. रात्र होईपर्यंत टीव्हीवर एकच गोष्ट पुन:पुन्हा सांगितली जात होती, की धर्म विचारून मारले, कलमा म्हणायला लावला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा विज्ञानाचा पेपर होता. त्या रात्री आमच्या इमारतीत कितीतरी घरांतून एकच बोलणे चालले असेल: मुलांना पाठवायचे की नाही. जे झाले त्याने आमच्याही छातीत धस्स झाले होते. कोणाच्या तरी लेकराचा बाप डोळ्यांदेखत मारला गेला, आणि मारणाऱ्यांनी आमच्या तोंडातली ओळ वापरली. आणि त्याच वेळी उद्या आपल्या लेकराला वर्गात कोण काय म्हणेल, हीही भीती. दोन्ही एकाच मनात असतात, आणि दुसरीबद्दल बोलावे तर पहिलीचा अपमान होतो की काय असे वाटते. साडेदहाला सर्क्युलर आले. तीन ओळींचे. उद्याचा पेपर नेहमीच्या वेळी होईल. परिपाठात पहलगामच्या मृतांसाठी आणि पोपमहाशयांसाठी मौन पाळले जाईल. पालकांनी वर्गाच्या ग्रुपवर अभ्यासाखेरीज काही टाकू नये.

आम्ही पाठवले. सकाळी सिस्टर स्वतः फाटकात उभ्या होत्या.

दहाच्या सुमारास शाळेतून फोन आला, दोघेही या. रिक्षात बसेपर्यंत काय काय मनात आले ते लिहीत नाही. ऑफिसात आमच्या मुलाचा मित्र, त्याचे आई-वडील, आणि टेबलावर वहीच्या पानाचा एक चौकोनी तुकडा. हा मित्र मूळ चिपळूणकडचा, वडील रेल्वेत. दोन्ही मुले एकाच व्हॅनने जातात. पर्यवेक्षक बाईंना मित्राच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली होती. देवनागरीत लिहिलेल्या पण काही अर्थ लागेना अशा दोन ओळी. विज्ञानाची कॉपी समजून त्यांनी ती पुढे पाठवली. तो कलमा होता. आमच्या मुलाच्या अक्षरात.

मित्राचे वडील आधी बोलले. मे महिन्यात त्यांची वैष्णोदेवीची तिकिटे काढलेली होती. रात्रभर टीव्ही चालू होता, पोरगा झोपला नाही. सकाळी व्हॅनमध्ये त्याने आमच्या मुलाला सांगितले, मला तो लिहून दे, पाठ करतो. तिकडे कोणी विचारले तर म्हणता येईल. आईच्या डोळ्यांना पदर होता.

सिस्टरांनी आमच्या मुलाला विचारले, “तू का लिहून दिलास?”

तो म्हणाला, “त्यानं मागितला. मी पण त्याच्याकडून कर्कटक घेतो.”

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. दादीने रात्री अंथरुणावर थोपटताना या पोराला शिकवलेले ते शब्द. एका बारा वर्षांच्या मुलाला ते आपल्यापासून, म्हणजे आपल्या नावाच्या माणसांपासून, वाचण्यासाठी पाठ करायचे होते, आणि शिकवायला त्याला आपलाच मुलगा विश्वासाचा वाटला. याचे काय करायचे ते आम्हांला तेव्हाही समजले नाही. सिस्टरांनी बाईंना बोलावून सांगितले की ही कॉपी नाही, मुलाची वीस मिनिटे गेली आहेत ती शेवटी द्या. मुले वर्गात गेली. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढले, चिठ्ठी त्यात घातली आणि आमच्यापुढे केली. “मला ही फाडता यायची नाही. टोपलीतही टाकवत नाही. तुम्ही न्या.”

व्हरांड्यात चौघे उभे राहिलो. आधी उन्हाबद्दल बोललो. मग मित्राच्या आईने विचारले, “तुमच्या मुलाला वाटते का हो अशी भीती?” आम्ही म्हटले, वाटते. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाच्या बंदुकीतून चौघांचा जीव गेला, त्यात त्याचा वरिष्ठ होता आणि तीन मुसलमान प्रवासी होते. गाडी थांबली ती आमच्याच मिरा रोडच्या जवळ. तेव्हा हा मुलगा दहा वर्षांचा होता, आणि नमाजाला जाताना घातलेली टोपी स्टेशनात शिरण्याआधी खिशात घालू लागला. त्याला आम्ही तसे सांगितले नव्हते. वडील रेल्वेतले, ते म्हणाले, “त्या दिवशी मी ड्यूटीवर होतो.” पुढे ते काही बोलले नाहीत.

घरी दादीने चिठ्ठी चष्मा लावून वाचली. म्हणाली, एक अक्षर चुकलेय, आणि पोराला दोन टपल्या दिल्या पाहिजेत, पवित्र कलाम कोणी कंपासपेटीत देतो का. पण दिल्या नाहीत. पाकीट कपाटात अब्बांच्या सायक्लोस्टाइलच्या कागदाजवळ आहे. असे कागद साठले की रिवाजाप्रमाणे पाण्यात सोडतात किंवा दफन करतात. हे पाकीट अजून तरी काढलेले नाही.

वर्षाच्या शेवटच्या सर्क्युलरमध्ये निकालाची वेळ होती, गणवेशाच्या दुकानाचा पत्ता होता आणि शाळा १६ जूनला उघडेल असे होते. मधल्या काळात सीमेवर जे घडले त्याने वैष्णोदेवीची तिकिटे रद्द झाली. ती मंडळी गणपतीपुळ्याला जाऊन आली आणि आमच्यासाठी आंबापोळी घेऊन आली. थोरलीची अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया त्या वर्षी इतकी लांबली की जुलै उजाडला, तो वेगळाच लेख होईल. शाळेत दर वर्षी तुकड्या बदलतात. सोळा जूनला फलकावर याद्या लागल्या, तेव्हा मित्र आठवी अ मध्ये आणि आमचा आठवी क मध्ये गेला होता. व्हॅन मात्र तीच. व्हॅनवाल्याने जूनपासून महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागितले. दोन्ही घरचे बाप फाटकात त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घालत होते, दीडशेवर मिटले.